नावे ठेवण्यापेक्षा नाव बरे

माणसांना नावे ठेवण्याच्या कामी आपली मराठी भाषा कधीच कमी पडलेली नाही. चारचौघांत बोलत नाही तो घुमा. चारचौघांत येतच नाही तो एकलकोंडा. पाहुणे आले की माडीवर जाऊन बसतो तो माणूसघाणा. एकाच विषयाचा ध्यास घेतो तो एककल्ली. रोज त्याच वाटेने, त्याच वेळी, तीच छत्री घेऊन फिरायला जातो तो तऱ्हेवाईक. आणि मनात येईल ते तोंडावर बोलतो तो फटकळ. यांतले एखादे पात्र आपल्या घराण्यात कधी झालेच नाही, असे छातीवर हात ठेवून सांगणारे कुटुंब महाराष्ट्रात विरळाच. कुणाचा बिनलग्नाचा काका असतो, कुणाची आत्या असते, कुणाचे मामेआजोबा असतात. जुन्या वाड्यांतून अशा माणसाला एक कोपरा आणि एक काम ठरवून दिलेले असे. घड्याळांना किल्ली देणे, रद्दीच्या तारीखवार चळती लावणे, दुधाचा हिशेब ठेवणे, ही कामे तो इमानेइतबारे करी, आणि "त्याचं तसंच आहे!" एवढे म्हणून घरची मंडळी त्याचे पान वाढून मोकळी होत.

बायकांच्या वाट्याला येणारी विशेषणे थोडी निराळी. लहानपणी मी 'पंचांगबाई' होते, कॉलेजात 'शिष्ट' झाले, सासरी 'तुटक' ठरले आणि कचेरीत 'चालतीबोलती खतावणी'. हे शेवटचे चुकून कानावर आले. माझे वय आज ५२ आहे. पुण्यात राहते, एका कचेरीत हिशेब तपासण्याचे काम २८ वर्षे करते आहे, आणि संसार २६ वर्षांचा झाला आहे. परंतु गेली दोन वर्षे एक निराळेच नाव माझ्या डोक्यात घर करून बसले आहे. ते नाव म्हणजे स्वमग्नता. इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात ते. हे नाव आपल्याला लागू पडते की नाही याची रीतसर तपासणी या वयात करून घ्यावी, की 'तिचं तसंच आहे' यावरच उरलेले दिवस काढावेत, एवढाच माझा प्रश्न. तो माझ्या एकटीचा असता तर या पानांवर आणला नसता. पण असा प्रश्न आज पुष्कळ घरांत दबक्या आवाजात चर्चिला जातो आहे, म्हणून मी काय काय वाचले, काय विचार केला आणि शेवटी काय ठरवले, ते सांगते.

प्रश्न घरी आला तो असा

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याच्या शाळेतल्या बाईंनी त्याला मुलांच्या डॉक्टरांकडे न्यायला सुचवले. डॉक्टरांनी तपासले, पुढच्या तज्ज्ञांकडे पाठवले आणि सौम्य स्वमग्नतेचे निदान झाले. त्या तपासणीसाठी घरच्यांनी भरून द्यायचे प्रश्न होते. रविवारी भावजय ते मोठ्याने वाचत होती आणि आम्ही आठवून आठवून उत्तरे देत होतो. मिक्सर सुरू झाला की मूल कान झाकून घेते का? नेहमीचा रस्ता बदलला तर कासावीस होते का? कपड्याची शिवण किंवा गळ्यामागची चिठ्ठी टोचते म्हणून अंगातला सदरा काढून टाकते का? खेळण्यांशी खेळण्याऐवजी त्यांच्या रांगा लावत बसते का?

आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. ती मान वर न करताच म्हणाली, "अगं, हे त्याचं विचारताहेत की हिचं? चिंचोक्यांच्या रांगा लावायची ही, एक हलवला तर घर डोक्यावर घ्यायची! दिवाळीत फटाके सुरू झाले की धान्याच्या कोठीमागे जाऊन बसायची. आणि पंचांग! नऊ वर्षांची असताना कुठल्या तारखेला कुठली तिथी, धडाधड सांगायची. हिचे आजोबा आल्यागेल्याला बोलावून परीक्षा घ्यायला लावत."

सगळे हसले, मीही हसले. पण हसून झाल्यावर भावजयीने माझ्याकडे जरा निरखून पाहिले आणि कागद घडी घालून ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे आहे तरी काय?

पुढचे काही महिने मी वाचन केले. माझा स्वभावच तसा आहे. विषय हाती आला की तळ गाठल्याखेरीज चैन पडत नाही. 'ऑटिझम' हा शब्द १९११ साली स्वित्झर्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांच्या ग्रंथात आला. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे स्वतः. ते तो निराळ्याच आजाराच्या संदर्भात वापरीत होते. १९२५ साली मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी सहा मुलांचे असे नेमके वर्णन प्रसिद्ध केले की ते आजही ताजे वाटते. पण जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. पुढे १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी ११ मुलांची हकीकत छापली, त्यात आठ मुलगे आणि तीन मुली होत्या, आणि १९४४ साली व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्गर यांनी अशाच, पण बोलण्यात पटाईत मुलांविषयी लिहिले.

कॅनर यांच्या यादीतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावी तो वाढला, तिथल्याच बँकेत त्याने नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी प्रवास केला, आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. गावाने त्याला आपला मानले होते. ही हकीकत वाचताना मला आमच्या वाड्यातले घड्याळांना किल्ली देणारे काका आठवले.

मध्यंतरी या विषयात पुष्कळ अन्यायही झाला. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हा विचार १९५० व ६० च्या दशकांत बोकाळला. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तो आणखी पसरवला. किती आयांनी उगाच स्वतःला दोष दिला असेल! १९७७ साली इंग्लंडात सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास करून दाखवले की यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे. पुढे १९९८ साली लसीमुळे स्वमग्नता येते असे सूचित करणारा एक लेख लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. तो २०१० साली मागे घेण्यात आला. लस निर्दोष, आईही निर्दोष. मेंदूची घडणच जन्मापासून थोडी निराळी असते, इतकेच.

मग आमच्या पिढीतल्या माणसांचे निदान तेव्हा का झाले नाही? कारण साधे आहे. अमेरिकेतील मानसोपचार संघटनेच्या नियमपोथीत स्वमग्नतेला स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० साली, आणि तीही बालपणी उघड दिसणाऱ्या तीव्र स्वरूपालाच. १९८१ साली लंडनच्या लॉर्ना विंग यांनी ॲस्पर्गर यांचे जुने काम उजेडात आणले आणि सांगितले की ही एकच ठरीव मूर्ती नसून इंद्रधनुष्यासारखा वर्णपट आहे. एका टोकाला बोलताही न येणारे मूल असेल, दुसऱ्या टोकाला पदवी घेऊन नोकरी करणारा माणूस असेल. २०१३ साली त्या पोथीच्या पाचव्या आवृत्तीने सगळे प्रकार एका नावाखाली आणले. तोवर माझी नोकरी सोळा वर्षांची झाली होती! आमच्या शाळेत वर्गात ६० मुली. पहिल्या तिघींत येणारी, दंगा न करणारी मुलगी बाईंच्या नजरेत भरली ती 'गुणी' म्हणूनच.

संख्येचेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ सालासाठी दिलेला अंदाज १२७ माणसांमागे एक असा आहे. चार चार माणसांची तीस-बत्तीस बिऱ्हाडे असलेली आपली सोसायटी धरा. त्या हिशेबाने एकजण तिथेच कुठेतरी राहत असणार.

आपला मराठी शब्द मात्र मला थोडा फसवा वाटतो. 'स्वमग्न' म्हटले की स्वतःतच रमलेला, इतरांची पर्वा नसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. माझा अनुभव उलटा आहे. मला स्वतःत मग्न राहता आले असते तर किती बरे झाले असते! कचेरीतल्या पंख्याची घरघर, पलीकडच्या बाईंच्या डब्यातला लसूण, दिव्याची बारीक थरथर, तिघांचे एकदम बोलणे हे सगळे एकाच वेळी, एकाच जोराने आत शिरते. त्यातून कामाचा आवाज वेगळा काढण्यात दिवसाची सारी शक्ती खर्च होते. घरी आल्यावर अर्धा तास मी अंधाऱ्या खोलीत बसते ती रागावून नव्हे.

कुंकवाकडे पाहण्याची युक्ती

पूर्वी चार मुलांमागे एक मुलगी असे प्रमाण धरीत. २०१७ साली अनेक पाहण्या एकत्र करून केलेल्या अभ्यासात ते तीनास एक याच्या जवळ असल्याचे दिसले, आणि मुलींचे निदान हुकण्याची शक्यता अधिक असते असेही. मुली लवकर नक्कल शिकतात. शिकावीच लागते!

मी कशी शिकले ते सांगते. दारी कुणी आले की काय बोलायचे, हे मी मावशीचे पाहून पाठ केले: "या, बसा. पाणी देऊ? मुलं काय म्हणताहेत?" पुढचे उत्तर काय येईल आणि त्यावर आपण काय म्हणायचे, हेही मनात आधीच मांडून ठेवलेले असे. समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे मला जड जाते. बोलणे ऐकू येईनासे होते. हळदीकुंकवाला जाऊ लागले तेव्हा युक्ती सापडली. समोरच्या बाईच्या कुंकवाकडे पाहायचे! तिला वाटते आपण डोळ्यांत पाहतो आहोत. पुरुषमंडळींच्या बाबतीत चष्म्याची दांडी कामी येते. ही युक्ती इतकी बेमालूम आहे की आमच्या घरात 'ह्यांना'सुद्धा २५ वर्षे कळली नव्हती.

अशा सोंगाची किंमत मोजावी लागते. एका लग्नाला जाऊन आले की दोन दिवस अंगात ताप असल्यासारखे वाटते. आणि जिथे पाठ केलेले वाक्य नसते तिथे सोंग उघडे पडते. २०१४ साली वडील गेले तेव्हा मी रडले नाही. कोणाला फोन करायचे याची यादी केली, दाखल्याचे कागद लावले, चहाचे कप मोजले. एक काकू दाराआड म्हणाल्या, "दगड आहे मेली!" मला रडू आले ते सात महिन्यांनी. त्यांच्या चष्म्याच्या घरात त्यांच्या अक्षरातली वाण्याच्या सामानाची यादी घडी करून ठेवलेली सापडली, आणि मग तीन दिवस ते थांबेना. तेव्हा मात्र पाहायला कुणी नव्हते.

नको म्हणणारी कारणे

तपासणी करू नये या बाजूचे वकील काही थोडे नाहीत, आणि त्यांचे म्हणणे खोटेही नाही.

पहिले म्हणणे वयाचे. "आता पन्नाशीनंतर कळून काय करायचंय?" असे माझी एक जिवलग मैत्रीण विचारते. स्वमग्नतेवर औषध नाही हे खरेच आहे. ताप उतरावा तशी ती उतरत नाही, आणि उतरवून देतो म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहणेच शहाणपणाचे.

दुसरे सोयीचे. आपल्याकडची साधने मुख्यतः मुलांसाठी घडलेली आहेत. एक देशी चाचणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठीच आहे. सिकंदराबादेच्या राष्ट्रीय संस्थेने केलेल्या मापनश्रेणीत ४० मुद्दे असून प्रत्येकाला एक ते पाच गुण, म्हणजे एकूण ४० ते २०० गुण होतात, आणि ७० च्या खाली आले तर स्वमग्नता धरीत नाहीत. तीही मुले व तरुण डोळ्यांपुढे ठेवून केलेली. मोठ्या माणसांची तपासणी करण्याचा सराव असलेले तज्ज्ञ मोठ्या शहरांत मिळतात, पण शोधावे लागतात. आणि फी भरावी लागते.

तिसरे म्हणणे सगळ्यांत हळू आवाजात येते. "मुलीचं लग्न व्हायचंय. हे घराण्यात आहे असं कळलं तर?" हे माझ्या सासूबाईंचे. त्यांचा हेतू वाईट नाही. त्यांनी जग पाहिले आहे.

चौथे म्हणणे माझे स्वतःचे. ज्या मुलांना बोलता येत नाही, ज्यांच्या आईबापांना आपल्यामागे याचे काय होईल या काळजीने झोप नाही, त्यांच्या रांगेत पगार मिळवणाऱ्या बाईने जाऊन उभे राहावे का? शिवाय हल्ली प्रत्येकाला काही ना काही नाव हवे असते, अशी टीकाही होते. लाजाळू असणे, एकांत आवडणे, पुस्तकात रमणे हा काही विकार नव्हे. लाजाळू माणसाला मिसळायचे असते पण भीती वाटते. एकांतप्रिय माणसाला मिसळता येते पण नको असते. स्वमग्नतेत लहानपणापासून चालत आलेल्या अनेक गोष्टी एकत्र असाव्या लागतात: माणसांशी देवाणघेवाण करण्यातली अडचण, ठरीव क्रमाचा आग्रह, एखाद्या विषयाचा विलक्षण ध्यास, आवाज-स्पर्श-वास यांचे अतिरेकी भान. आणि त्यांनी जगणे खरोखर अडलेले असावे लागते.

हो म्हणणारी कारणे

मी हिशेबाच्या धंद्यातली. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च मांडल्याखेरीज मला निर्णय सुचत नाही. जमेच्या बाजूला पुढील रकमा निघाल्या.

एक: तपासणी फक्त 'हो' किंवा 'नाही' सांगत नाही. जे आपण स्वमग्नता समजतो ते कदाचित दीर्घकाळची अतिचिंता असेल, मंत्रचळ असेल, लक्ष न टिकण्याचा दोष असेल, नाहीतर ऐकण्यातलीच काही उणीव असेल. स्वमग्न माणसांत चिंता आणि खिन्नता पुष्कळ आढळते, आणि या दोन्हींवर उपचार आहेत. म्हणजे औषध नाही म्हणून तपासणी नको, हे म्हणणे पूर्ण टिकत नाही.

दोन: निदान आणि दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मानले आणि त्यांत स्वमग्नता आली. आरक्षणासारख्या सवलतींसाठी सरकारी दाखला आणि निदान ४० टक्के प्रमाण लागते. पण तज्ज्ञाने केलेले निदान आपल्या कपाटात राहू शकते. ते कुणाला दाखवायचे ते आपण ठरवायचे. ज्यांना गरज आहे त्यांच्या रांगेत मी शिरते आहे, ही माझी टोचणी इथे कमी झाली.

तीन: या कायद्यात 'वाजवी सोय' अशी कल्पना आहे. माझी गरज ती केवढी? बसायला भिंतीलगतची जागा आणि बदल व्हायचा असेल तर एक दिवस आधी लेखी सूचना. आज हे मागितले तर 'नखरे' ठरतात.

चार: घर. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. घरी आणल्यावर मी औषधांचा तासवार तक्ता केला, रंगीत खुणा केल्या, दीड महिन्यात एक गोळी चुकू दिली नाही. एका संध्याकाळी हे म्हणाले, "तुझी काळजी तक्त्यापुरतीच असते का गं? जरा जवळ येऊन बसत का नाहीस?" मला काय उत्तर द्यावे कळेना. कारण तो तक्ता हीच माझी काळजी होती. मी जवळच बसले होते, तक्त्यात! हे त्यांना सांगायला माझ्यापाशी शब्द नव्हते. पुढे स्वमग्नतेवरचा एक लेख मी त्यांना वाचायला दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "म्हणजे इतकी वर्षं तू माझ्यावर रुसलेली नसायचीस?" म्हटले, "अहो, कधीच नाही." ते बराच वेळ गप्प होते. हा तुकडा माझ्या जमाखर्चात कुठल्या बाजूला लिहायचा हे सांगायला नको.

पाच: भाचा. तो मोठा होईल आणि एक दिवस विचारील की आपल्या घरात माझ्यासारखे आणखी कोण आहे. त्या वेळी कुणीतरी हात वर केलेला असावा.

मुलीच्या लग्नाचे मी तिलाच विचारले. ती २४ वर्षांची आहे. म्हणाली, "आई, तुझ्यामुळे ज्याला नकार द्यायचाय, त्याने तो लग्नाआधीच दिलेला बरा." सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच आपल्या सख्ख्या दिरांची, आयुष्यभर फक्त मुगाची खिचडी खाणाऱ्या भाऊजींची, गोष्ट काढली आणि म्हणाल्या, "त्यांना बिचाऱ्यांना आम्ही फार हसलो गं."

तपासणीत काय असते?

रक्त काढीत नाहीत, डोक्याचे चित्र काढून ही गोष्ट कळत नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांच्यासमोर काही तास, बहुधा दोन-तीन बैठकींत, बोलणे होते. ते आपले बोलणे-वागणे पाहतात, प्रश्नावल्या भरून घेतात, शाळेची जुनी प्रगतिपुस्तके असतील तर पाहतात. मोठ्या माणसांच्या तपासणीचा अनुभव आहे का, हे फोनवरच विचारून घ्यावे. त्यात संकोच नको.

स्वतःच भरून पाहण्याच्या प्रश्नावल्याही आहेत. त्यांतली प्रसिद्ध ती २००१ साली केंब्रिजमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली, ५० विधानांची. ती चाळण आहे, निवाडा नव्हे. शिवाय ती साहेबांच्या देशात विणलेली चाळण आहे. मेजवानीला जायला आवडेल की ग्रंथालयात, अशा धर्तीचे विधान तिच्यात आहे. माझ्या लहानपणी मेजवान्या होत्याच कुठे? होती ती सत्यनारायणाची पूजा, आणि तिथे आवडीचा प्रश्न नव्हता. तसेच नजरेचे. आमच्याकडे सुनेने वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवावी अशीच शिकवण. मग नजर न मिळवणे हे लक्षण की संस्कार? म्हणून आपली भाषा आणि आपली घरे जाणणारा तज्ज्ञ हवा.

सगळ्यांत महत्त्वाचे आणखी एक आहे. लक्षणे बालपणापासून होती का, हे निदानासाठी पाहावे लागते. ती त्या वेळी ठळक दिसली नसतील, शिकलेल्या युक्त्यांखाली झाकली गेली असतील. पण मूळ तिथेच असले पाहिजे. आणि ते सांगणार कोण? आपल्याला तीन वर्षांचे असताना पाहिलेले माणूस. या एका मुद्द्यापाशी माझा सारा जमाखर्च येऊन थांबला.

आईची वही

माझी आई ७९ वर्षांची आहे. वडील गेले, आजोबा गेले, मावशी गेली. माझे बालपण पाहिलेले असे आता तेच एक माणूस. आणि गेल्या वर्षापासून तिला कालचे जेवण आठवत नाही. जुने आठवते, अगदी चिंचोक्यांच्या रंगासकट. पण किती दिवस आठवेल? इतर सगळी कारणे पुढल्या वर्षावर ढकलता येतात, हे ढकलता येत नाही.

म्हणून मी एक दोनशेपानी वही आणली आहे. दर रविवारी दुपारी आईकडे जाते आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरून घेते. मी केव्हा बोलू लागले, कुणाकडे जात नसे, काय खात नसे, कशाला भीत असे. आजवर ३१ पाने झाली. परवा ती म्हणाली, "तू अंगाला हात लावू द्यायची नाहीस. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. मग मी तू झोपलीस की कुरवाळायची." हे वाक्य मी लिहिले, पण त्यानंतर त्या रविवारी आणखी काही लिहिता आले नाही. त्या काळातल्या किती आया अशा, मूल झोपण्याची वाट पाहत बसल्या असतील!

निर्णय असा झाला आहे: तुळशीची लग्ने आटोपली की मार्गशीर्षात पहिली बैठक. तारीख घेतली आहे. बरोबर हे आणि आई येतील. निकाल ह्यांना, मुलीला आणि भावाला सांगायचा; कचेरीत काय सांगायचे ते नंतर ठरवू. दाखल्याचा विचार आज नाही. तज्ज्ञ 'नाही' म्हणाले तर काय, याचेही उत्तर लिहून ठेवले आहे. मग दुसरे काय आहे ते त्यांना विचारायचे. अंधाऱ्या खोलीतला अर्धा तास तर कुणाच्या निकालावर अवलंबून नाही.

माझ्यासारखा विचार करणाऱ्यांनी माझ्याप्रमाणेच करावे असे मी म्हणणार नाही. ज्याचे जगणे अडलेले नाही, त्याने नुसत्या कुतूहलापोटी पैसे खर्च करण्याची गरज नाही. पण ज्याचे अडले आहे त्याने चार प्रश्न कागदावर लिहावेत: नेमके कुठे अडते? 'हो' आले तर मी काय बदलीन? 'नाही' आले तर कुठे जाईन? आणि माझे लहानपण सांगू शकणारे कोण उरले आहे? चौथ्याचे उत्तर आधी शोधावे.

बाकीच्या वाचकांना एकच विनंती. या दिवाळीत तुमच्याकडे फराळाला मंडळी जमतील. हसणे-खिदळणे रंगात आले असता घरातले कुणी गुपचूप उठून आतल्या खोलीत गेले, तर त्याला हाताला धरून बाहेर ओढू नका आणि नाव ठेवू नका. फराळाची बशी आत नेऊन ठेवा, दिवा मंद करा आणि दार हलकेच ओढून घ्या. आमच्याकडे भाऊबीजेला तशा दोन बशा आत जायच्या आहेत.